ईबर्ड वापरून वर्ष होत आलं, पारवे मोजून वीट आला

दुर्बिणीच्या आतल्या भिंगावर पावसाळ्यात बुरशी चढली. सर्व्हिस सेंटरवाल्याने 'बुरशी वॉरंटीत बसत नाही' म्हणत हात झटकले. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी ती तशीच पिशवीत घालून घरी आणली. आता ईबर्डवर, म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या पाठवायच्या ॲपवर, नोंदी करणंही बंद पडणार असं धरून चाललो होतो. तसं काही झालं नाही.

ॲप बहुतेकांना ठाऊक आहे: ईबर्ड २००२ साली वेबसाइट म्हणून सुरू झालं, कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा चालवते, पैसे पडत नाहीत. 'प्रीमियम घ्या' म्हणून मागेही लागत नाही. पुणेकराला आणखी काय हवं!

माझं भांडण एकाच प्रश्नाशी आहे. यादी पाठवताना विचारतात, ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हणायचं तर पारवेही नोंदवणं आलं. जूनमध्ये आम्ही वेताळ टेकडीवर नवरंग पक्ष्यासाठी धडपडणार आणि हे पारवे मोजायला लावणार! आकड्याऐवजी 'एक्स' टाकता येतो, पण त्यातून पक्षी होता एवढंच कळतं. 'नाही' म्हटलं तर यादी जमा होते, पण कुठला पक्षी किती वेळा आढळतो या हिशोबात धरत नाहीत. कारण सरळ आहे. पूर्ण यादीत चिमणी नसेल तर ती तिथे दिसली नाही, ही माहिती झाली. अपूर्ण यादीत नसेल तर कदाचित कुणी लिहिलीच नसेल. पटतं मला. चिडचिड होते ती होतेच.

आता थोडी माघार. मोजायचे म्हणजे धड बघावं लागतं. मान राखाडी तो गावकावळा, अख्खा काळा नि जाड चोचीचा तो डोमकावळा. सोसायटीच्या पिंपळावर दोघेही येतात. पाण्याच्या टाकीवरचे पारवे एकदम उडाले की मी आधी वर बघतो, शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असू शकतो.

दुर्बीण नसल्याने कान कामाला लागले. नुसता आवाज ओळखला तरी नोंद चालते, त्यामुळे तांबटाची टुकटुक, पावशाचं 'पेर्ते व्हा' सगळं यादीत जातं. आई गुडघ्यांमुळे टेकडी चढत नाही. तिने गॅलरी ताब्यात घेतलीय. सकाळी चहा घेत १५ मिनिटं बसते, मी फोनवर टिपतो. ''अरे, दयाळ राहिला,'' असं स्वयंपाकघरातून ओरडते तेव्हा यादी पाठवून झालेली असते. मग ती उघडून दुरुस्त करा!

या नोंदी जातात कुठे? देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं त्यात निघालं. पारवे मात्र वाढलेत. ते मी आधीच सांगितलं असतं.

जुन्या फोनची बॅटरी जीपीएसवर भराभर उतरते, तेव्हा टेकडीवर जाताना पॉवर बँक ठेवा. आणि टेकडी उतरल्यावर ट्रॅक, म्हणजे ॲपमधली चाललेल्या वाटेची नोंद, आठवणीने थांबवा, नाहीतर घरापर्यंतचा रिक्षाप्रवासही पक्षीनिरीक्षणात धरला जातो.