एनपीसीसी की सीएचओ: दोन्ही केल्यावर मला काय वाटतं

बीएस्सी नर्सिंग झालं, आयसीयूत दोनेक वर्षं काढली, आता पुढे काय? हा प्रश्न घेऊन ज्युनिअर मुलंमुली मला फोन करतात. एमएस्सी करून कॉलेजात शिकवायचं नाही, पेशंटजवळच राहायचंय, असं ज्यांचं पक्कं आहे त्यांची घालमेल बहुतेक दोन गोष्टींत असते. एक म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे एनपीसीसी, ही आयसीयूत काम करत शिकायची दोन वर्षांची रेसिडेन्सी, आणि दुसरी समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे गावच्या उपकेंद्रातलं पद. मिडवाइफरीची, म्हणजे बाळंतपणाच्या सेवेची, अठरा महिन्यांची तिसरी वाटही आहे, पण तिच्याबद्दल त्या वाटेने गेलेल्या सिस्टरनीच लिहावं. मी एनपीसीसी पूर्ण केलं, पुढे वर्षभर आयसीयूतच होतो, आणि गेली चार वर्षं एका उपकेंद्रात सीएचओ आहे.

शिकण्याचं म्हणाल तर एनपीसीसीला तोड नाही. ८० टक्के वेळ क्लिनिकल आणि २० टक्के थिअरी, त्यामुळे वर्गापेक्षा बेडसाइडलाच जास्त शिकलो. आधी ऑर्डर आहे म्हणून करायचो, ते का करतोय हे इथे कळलं. एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की व्हेंटिलेटरचं कुठलं सेटिंग चुकतंय हे दिसायला लागलं. सीएचओचा सहा महिन्यांचा कोर्स त्याच्या जवळपासही जात नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २०२० मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिससाठी, म्हणजे नर्सच्या नेहमीच्या कामापुढच्या जबाबदारीसाठी, मास्टर्सची पातळी धरली आहे. तो निकष लावला तर सीएचओ त्यात बसत नाही, आणि हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरी मी आयसीयू सोडलं, ते ड्युटी लिस्टमुळे.

आमच्याकडे दर शनिवारी काउंटरमागच्या काचेवर पुढच्या आठवड्याची लिस्ट लागायची. वर डॉक्टरांची, खाली स्टाफ नर्सची. मधे काही नाही. रेसिडेन्सी संपल्यावर पहिल्या शनिवारी मी माझं नाव शोधलं तर ते खालच्या यादीत होतं, दोन वर्षांपूर्वी होतं तिथेच. म्हटलं, होईल हळूहळू. पण नाव ज्या यादीत, काम त्याच यादीचं. सकाळच्या राउंडला सर मला विचारायचे, याला आज श्वासाच्या ट्यूबवरून काढता येईल का, मी माझं निरीक्षण सांगायचो, ते ऐकून घ्यायचे. तेवढ्यात मेल वॉर्डात एक स्टाफ कमी आहे म्हणून फोन यायचा आणि इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, "ब्रदर, आज तुम्ही तिकडे जा." त्यांचा काय दोष? त्यांच्या हातातल्या कागदावर मी एक स्टाफ नर्स होतो आणि त्यांना माणूस हवा होता. ज्या पेशंटचं वीनिंग, म्हणजे व्हेंटिलेटर हळूहळू कमी करणं, मी सुरू केलंय तो दुसऱ्याच्या हवाली करून मी वॉर्डात बारा जणांच्या सलाइन बघायला जायचो. संध्याकाळी परत यावं तर पेशंट पुन्हा पूर्ण सपोर्टवर. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. वर्षभरात किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण शनिवारी त्या काचेसमोर जायला नको वाटायला लागलं होतं.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचं केडर, म्हणजे वेगळा संवर्ग, उभं करण्याची गोष्ट लिहिलेली आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा हा अभ्यासक्रमही त्याच सुमाराचा. २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदाही संमत झाला. पण कोर्स आहे म्हणून पद तयार होत नाही. आस्थापनेत पद नाही तर वेतनश्रेणी नाही, वेगळी ड्युटी नाही, आणि केलेल्या कामाखाली सही करायला पदनामही नाही.

सीएचओचं नेमकं उलटं. शिक्षण थोडकं, पण पद पक्कं दाखवलेलं. २०१८ मध्ये आयुष्मान भारतखाली दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रं ठरली तेव्हा उपकेंद्राच्या पातळीवर सीएचओ हे पद त्या आराखड्यातच होतं. सपाटीवर साधारण ५,००० लोकसंख्या, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००, आणि ती माणसं तुमची. मी कुणाच्या जागी गेलेलो नाही आणि मला उचलून दुसरीकडे पाठवायला दुसरा वॉर्डही नाही. बीपी-शुगरचा पेशंट मेडिकल ऑफिसरांनी लावलेल्या गोळ्यांवर असतो, महिन्याच्या महिन्याला मी तपासतो, गोळ्या देतो, अडलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलतो. कामाचा आवाका आयसीयूपेक्षा लहान वाटेल. पण तोच पेशंट पुढच्या महिन्यात परत माझ्याकडेच येतो, हे आयसीयूत कधी मिळालं नव्हतं.

आणि शिकलेलं वाया जात नाही. गेल्या पावसाळ्यात आशाताई एका आजींना घेऊन आल्या, तीन दिवस खोकला आणि ताप, बाकी आजी बोलत होत्या, चालत आल्या होत्या. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले, ३४ भरले. ऑक्सिमीटरवर ८८. लगेच १०८ ला फोन केला. श्वास पूर्ण मिनिट मोजायची सवय मला रेसिडेन्सीनेच लावली.

सीएचओच्या अडचणी झाकणार नाही. नोकरी कंत्राटी. मी लागलो तेव्हा २५,००० ठरलेले आणि १५,००० पर्यंत कामावर आधारित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामाचे निर्देशांक भरले तर. दुपारनंतरचा बराच वेळ पोर्टलवर नोंदी भरण्यात जातो, आणि नेटवर्क नसेल तर रात्री घरी बसून. ज्याला सेंट्रल लाइन, इनॉट्रोप, मॉनिटरचा आवाज याशिवाय करमत नाही त्याला उपकेंद्रात कोंडल्यासारखं होईल. त्याने एनपीसीसीच करावं, मी अडवणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कार्यक्रम सुरू केला तो मुलांच्या प्राथमिक आरोग्यासाठी, जिथे डॉक्टर पुरत नव्हते तिथल्यासाठी. अतिदक्षता त्यात नंतर आली. आपल्याकडेही २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३२ बघा. सामुदायिक आरोग्य सेवकाला मर्यादित परवाना देण्याची तरतूद त्यात आहे, आणि ठरावीक औषधं स्वतःहून लिहायची मुभा आहे ती फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत. सीएचओला हा परवाना आपोआप मिळत नाही, हे खरं. पण नर्सच्या हाती औषध लिहिण्याचा अधिकार उद्या आलाच तर तो आयसीयूच्या आधी उपकेंद्रात येईल, असं मला तरी वाटतं.

एनपीसीसीला प्रवेश घ्यायचाच असेल तर फी आणि स्टायपेंडच्या आधी एक काम करा. त्या हॉस्पिटलातून आधीच्या बॅचला पास झालेल्या कुणाला तरी गाठा आणि या आठवड्याच्या ड्युटी लिस्टचा फोटो मागवा. त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे ते बघा आणि मग फॉर्म भरा.