मेंढ्यांची छाती तपासायला सोनोग्राफी, एक्स-रे की सीटी?

मेंढी धापायला लागली की नुसती नळी (स्टेथोस्कोप) लावून निदान करण्यावर माझा भरवसा नाही. नाका-घशातली घरघर छातीभर ऐकू येते आणि कधी कधी घट्ट झालेल्या फुफ्फुसातून आवाजच येत नाही. शिवाय इंदापूर-बारामतीकडचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, आज एका रानात, उद्या दुसऱ्या. ‘चार दिवसांनी पाहू’ म्हणायची सोय नसते.

कळपासाठी माझी पसंती बॅटरीवरच्या सोनोग्राफी यंत्राला. गाभण तपासणीसाठी ते बऱ्याच डॉक्टरांकडे असतं; 5 ते 7.5 मेगाहर्ट्झचा प्रोब (अंगाला टेकवायचा भाग) छातीलाही चालतो. मेंढी उभीच धरायची, पुढचा पाय जरा पुढे ओढायचा, काखेतल्या बिनलोकरीच्या कातडीवर स्पिरिट चोळायचं आणि प्रोब दोन बरगड्यांमध्ये टेकवायचा. निरोगी फुफ्फुसाच्या कडेची लख्ख पांढरी रेघ दिसते. श्वासागणिक ती सरकते आणि तिच्याखाली समांतर फिकट रेघा उमटतात. न्यूमोनिया मुरला असेल तर ती रेघ तुटते आणि तिच्याखाली फुफ्फुस चक्क यकृतासारखं दिसतं. छातीत पाणी साचलं असेल तर तो भाग काळा दिसतो.

मर्यादाही मोठी आहे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेपाशी अडतात, त्यामुळे पृष्ठभागापर्यंत न आलेली गाठ किंवा गळू सुटतं. जागसिक्ते विषाणूमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगातही सुरुवातीच्या बारीक गाठी अशाच निसटतात. म्हणून स्वच्छ चित्र दिसलं तरी मी मेंढी निरोगी असल्याचा दाखला देत नाही.

एक्स-रेत खोलवरचं दिसतं. पण जिवाणूंचा न्यूमोनिया बहुधा फुफ्फुसाच्या पुढच्या-खालच्या भागात असतो आणि नेमकी तिथेच खांद्याची न् पुढच्या पायांची सावली पडते. धरणाऱ्याला शिशाचा ॲप्रन हवा. वर दम लागलेलं जनावर उन्हात टेम्पोत घालून न्यायचं, ते मला पटत नाही. पैदाशीचा किमती नर असेल आणि सोनोग्राफीत काही सापडलं नसेल, तर जरूर काढा.

सीटी स्कॅनचं चित्र सगळ्यांत सरस, पण त्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते आणि आजारी फुफ्फुसाला तीच धोक्याची. सीटी संशोधनासाठी ठीक.

चित्रावरून जंतू मात्र ओळखता येत नाही. ताप, डोळ्या-नाकातून स्राव, तोंडात व्रण आणि जुलाब एकत्र दिसले तर पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांच्या संसर्गजन्य विषाणूजन्य रोगाचा) संशय धरा. यंत्राची वाट न पाहता आजारी मेंढ्या वेगळ्या करा आणि सरकारी दवाखान्याला कळवा. फुफ्फुसातल्या जंतांसाठी लेंड्या तपासून घ्या. मेंढी दगावलीच तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या आणि फुफ्फुसाचे नमुने त्यांच्यामार्फत बर्फात ठेवून पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवा.