सांगायचं राहून गेलं: जुनी नोकरी आणि नवी नोकरी शेजारी ठेवून

नोकरी बदलू की नको अशा पेचात असलेल्या माणसाने पगार, हुद्दा, सुट्ट्या आणि नोटिशीचा काळ यांचा तक्ता एव्हाना केलेलाच असतो. मीही केला होता, आणि त्या तक्त्यात जुनी नोकरी सरस ठरत होती. नऊ वर्षांची ओळख, वरचा हुद्दा, घर जवळ. नव्या नोकरीत पगार थोडाच जास्त होता, हुद्दा एक पायरी खाली होता आणि जाण्यायेण्यात रोज तासभर जास्त जाणार होता. तरी मी नवी घेतली. आज चार वर्षं झाली, निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. तुमची परिस्थिती वेगळी असेल आणि तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल, हे धरूनच पुढचं वाचा.

माझं काम फिक्स्चर डिझाइनचं. मशीनिंग करताना जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, नेमक्या जागी पकडून ठेवणारं साधन मी कागदावर उतरवतो आणि टूलरूम ते बनवते. जॉबच्या ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, बदलली, दोन भोकांमधलं अंतर मिलिमीटरभर सरकलं, की जॉबची जागा धरणारी माझी लोकेटिंग पिन चुकते आणि पुढचं सगळंच चुकतं. त्यामुळे काय बदललं हे मला कधी आणि कसं कळतं, यावर माझं अख्खं काम उभं असतं. तुमचं काम वेगळं असेल, पण बदलत्या निर्णयांवर कोणाचं काम उभं नसतं?

जुन्या नोकरीत एका कास्टिंगसाठी, म्हणजे ओतीव भागासाठी, मी तीन आठवडे फिक्स्चर करत होतो. सुट्टीचे दोन दिवसही त्यात गेले. क्लॅम्प उघडायला जागा कमी पडत होती, ती अडचण मी तिसऱ्या प्रयत्नात सोडवली होती आणि त्या रचनेवर माझा जीव जडला होता. ड्रॉइंग घेऊन टूलरूममध्ये गेलो तेव्हा तिथले फोरमन म्हणाले, "अरे, हा जॉब तर बंद झाला. ग्राहकाने मागे घेतला, झाले की पंधरा-सोळा दिवस." मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते खरोखर ओशाळले. म्हणाले, "अरे हो, तुला सांगायचं राहूनच गेलं."

काम रद्द होण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. कामं रद्द होतात, ग्राहक मन बदलतात, पैसे अडकतात. पण सोळा दिवस एक माणूस रोज तुमच्या केबिनवरून ये-जा करतो, तुम्ही त्याला "काय, कुठवर आलं?" असंही विचारता, आणि तो काय करतो आहे हे तुमच्या ध्यानात नसतं, हे मला लागलं. त्या दिवसापासून मी डायरीत खुणा करू लागलो. बदललेली गोष्ट मला तिसऱ्याच माणसाकडून कळली की एक खूण. तीन महिन्यांत अकरा खुणा झाल्या. ही काही शास्त्रशुद्ध मोजणी नव्हती, आणि चिडलेला माणूस जास्त खुणा करतो हेही मला कबूल आहे. पण अकरातल्या चार खुणांमागे निदान आठवड्याभराचं वाया गेलेलं काम होतं.

आता नव्या नोकरीची बाजू. तिथे बदल झाला की चेंज नोट निघते. त्या जॉबवर ज्यांची कामं चालू आहेत त्यांची नावं तिच्यावर असतात आणि प्रत्येकाने सही केल्याशिवाय ती बंद होत नाही. पहिल्याच महिन्यात मला अशी नोट आली: काम थांबवा, रिव्हिजन सी येते आहे. मी ते काम सुरू करून तीन तास झाले होते. सोळा दिवसांच्या जागी तीन तास. माझ्यासाठी दोन नोकऱ्यांची तुलना खरं तर इथेच संपली.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. दोन्ही ठिकाणी दर्शनी भिंतीवर आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे की उत्पादनाच्या गरजा बदलल्या तर संबंधित कागदपत्रं दुरुस्त करावीत आणि संबंधित माणसांना तो बदल कळेल याची खात्री करावी. म्हणजे मला जे हवं होतं ते जुन्या ठिकाणीही नियम म्हणून मान्यच होतं. म्हणून नवी जागा निवडताना प्रमाणपत्रं, मोठं नाव, चकचकीत स्वागतकक्ष यांना मी फारसं वजन देत नाही.

सोडण्याआधी मी सुधारणा करून पाहिली, आणि तुम्हीही एकदा करून पाहा असं आग्रहाने सांगेन. मी एक साधी वही केली. तारीख, जॉब, काय बदललं, कोणाला सांगितलं, एवढेच रकाने. चार महिने ती मी भरली. टूलरूमने लगेच उचलून धरली, क्वालिटीवाले रोज सकाळी बघू लागले. साहेबांनी बैठकीत तिचं मनापासून कौतुक केलं. फक्त त्यांचे स्वतःचे निर्णय त्या वहीत कधीच आले नाहीत. ते फोनवर ठरायचे, जिन्यात सांगितले जायचे, आणि मग मी मागाहून विचारून विचारून लिहायचो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडचण पद्धतीच्या अभावाची नव्हती. पद्धत मी दिली होती, आणि ज्यांच्या हातून निर्णय निघत होते त्यांना ती स्वतःसाठी नको होती. तुमच्या वरिष्ठांनी तुमची अशी वही स्वतःहून उघडली, तर मी म्हणेन थांबा, निदान सहा महिने. कारण मग तुमच्या हाती असं काहीतरी आहे जे नव्या ठिकाणी मिळेलच असं नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना कामात फार बरं आणि फार वाईट केव्हा वाटलं हे विचारलं होतं. १९५९ साली त्यांचे निष्कर्ष आले. फार बरं वाटलेल्या प्रसंगांत एखादं काम तडीस गेल्याचे आणि त्याची दखल घेतली गेल्याचे प्रसंग जास्त होते. वाईट वाटलेल्या प्रसंगांत कंपनीची धोरणं आणि कारभार हे कारण सगळ्यात पुढे होतं. त्या अभ्यासावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण मला त्यातून माझीच अवस्था समजली. जुन्या नोकरीतलं काम मला आवडत होतं, कारभार सोसवत नव्हता. ही दोन खाती वेगळी आहेत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यातली तूट भरून काढत नाही, म्हणूनच "काम तर छान आहे की" असं स्वतःला दोन वर्षं समजावूनही माझी झोप सुधारली नाही.

माणसांच्या बाबतीत जुनी नोकरी वरचढ होती, निःसंशय. ते फोरमन मला मशीनचा आवाज ऐकून टूल झिजल्याचं ओळखायला शिकवत असत. मी अडलो तर संध्याकाळी थांबत. ढिसाळ कारभारात माणसं एकमेकांना घट्ट धरून राहतात, कारण निरोप मिळवण्याची तीच एक वाट उरते. नव्या ठिकाणची माणसं चांगली आहेत, पण आमचं नातं अजून त्या जातीचं झालेलं नाही, कदाचित होणारही नाही. तुम्ही नोकरीत मुख्यतः माणसांसाठी टिकून असाल तर याची किंमत कमी लेखू नका. मी ती मोजली. सोडताना मला सगळ्यात जड तेच गेलं.

वेगाचंही तसंच. जुन्या ठिकाणी सकाळी सुचलेली कल्पना दुपारी टूलरूममध्ये असे. नव्या ठिकाणी पिनचा व्यास बदलायला तीन सह्या लागतात आणि दोन दिवस जातात. पहिलं वर्षभर मला ते फार जाचलं. ज्यांना धावपळीतून मार्ग काढण्यात आनंद वाटतो त्यांना नवी जागा मिळमिळीत वाटेल, आणि त्यांचं काही चुकतं आहे असं मला वाटत नाही. माझ्यापुरतं एवढंच सांगतो की जुन्या ठिकाणचा तो वेग बऱ्याचदा चुकीच्या दिशेने होता. दुपारी बनायला गेलेला भाग पुढच्या आठवड्यात भंगारात जायचा.

शिकणं दोन्हीकडे झालं, त्यावर फार लिहीत नाही. जुन्या ठिकाणी जुगाड शिकलो, नव्या ठिकाणी हिशेब.

नऊ वर्षांचं काय, हा प्रश्न मला फार छळत होता. एवढी वर्षं घातली, ती पाण्यात जायची का? १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यावर मला उपयोगी पडला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाने हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत विकली आणि काहींना सवलतीत. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना हजर राहिले. म्हणजे पैसे जास्त गेले, एवढ्याच कारणाने पावलं तिकडे वळत होती. मी स्वतःला विचारलं: आज बाहेरचा माणूस म्हणून, नऊ वर्षं वजा करून, मी या जागेसाठी अर्ज केला असता का? उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते "नाही" असं आलं. ओळखी आणि कसब तर माझ्याबरोबर येणारच होतं.

नव्या नोकरीची बाजू घेताना एक सावधगिरीही सांगायला हवी. नोकरी बदलल्यावर समाधान चढतं आणि काही काळाने पुन्हा खाली येतं, असं २००५ साली व्यवस्थापकांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं. माझंही तसंच झालं. पहिले सहा-सात महिने सगळं हलकं वाटलं, मग सह्यांचा जाच टोचू लागला. त्यामुळे नव्या जागेबद्दल पहिल्या तीन महिन्यांत मी कोणालाही काही सांगणार नाही, आणि कोणी सांगितलं तर त्यावर निर्णय घेणार नाही. दुसऱ्या वर्षी मात्र मी पुन्हा तीन महिने डायरीत खुणा केल्या. दोन आल्या.

नवी जागा खरंच बरी आहे हे आत जाण्याआधी कसं ओळखायचं? पूर्ण खात्री कुठेच नसते. मी मुलाखतीत माझ्या होणाऱ्या साहेबांना एकच प्रश्न तयारीने विचारला: "अलीकडे तुमच्याकडे कुठलं काम मध्येच थांबवलं, आणि ते करणाऱ्यांना कसं कळलं?" त्यांनी क्षणभर विचार केला, फाइल काढली आणि ग्राहकाचा तपशील हाताने झाकून चेंज नोट दाखवली. सही न झालेल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हे रजेवर होते, यांना मी फोन केला." मला त्या बोटाने जिंकलं. मग मी शॉप फ्लोअर बघू का म्हणून विचारलं. मशीनपाशी टांगलेल्या प्रिंटवर पेनने खाडाखोड आहे का, एकाच जॉबच्या दोन रिव्हिजन शेजारी पडल्या आहेत का, एवढंच मी पाहिलं. एका ठिकाणी खाडाखोड होती, पण तिच्याखाली तारीख आणि सही होती. तुमच्या धंद्यात प्रिंट नसेल, पण बदललेल्या निर्णयाचा माग कुठेतरी राहतोच. हाच प्रश्न मी आणखी एका ठिकाणी विचारला होता, तिथे उत्तर आलं, "आमच्याकडे असं काही होत नाही." तिथला पगार बराच जास्त होता. मी नाकारला.

नवीन जागेचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत मी राजीनामा दिला नाही, आणि ते तुम्हीही पाळावं असं वाटतं. त्रास कितीही असला तरी. नोटिशीच्या काळात मी चालू कामांची यादी करून वहीच्या शेवटच्या पानावर लावली. कुठलं फिक्स्चर कुठवर आलंय, कुठल्या ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन धरली आहे, पुढच्या माणसाने कोणाला विचारावं, सगळं.

राजीनामा दिला त्या संध्याकाळी साहेबांनी मला बसवून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते, त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. अशा वेळी समोरचा काय विचारतो ते नीट ऐका. "काय बदललं तर थांबशील?" असं विचारलं, तर मी म्हणेन एक दिवस द्या, मनातलं सगळं बोला, कदाचित तुलनेचं पारडं फिरेल. मी त्याच प्रश्नाची वाट पाहत होतो, उत्तरही तयार होतं, ती वही माझ्या हातातच होती.

साहेब म्हणाले, "तिकडे किती देतायत?"