स्प्रिंगशार्पवर ध्रुवीय जहाज काढलं त्याचा रिव्ह्यू : तोफा शून्य, कोळसा भरपूर

स्प्रिंगशार्पबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, चवथीच्या सुट्टीत माझं जहाज एकदाचं पूर्ण झालं म्हणून आता निवांत बसून लिहितेय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे विंडोजवर चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, वाफेच्या जमान्यातली युद्धनौका कागदावर बांधून बघायला केलेलं, लांबी रुंदी ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसतं ते) इंजिन तोफा चिलखत सगळं भरायचं आणि ते रिपोर्ट देतं की असलं जहाज तरंगेल का, डोलेल किती, सांगाडा टिकेल का, वर खलाशी किती लागतील आणि खर्चसुद्धा.

आमचा पाच जणांचा पर्यायी इतिहासाचा आरमारी खेळ चालू आहे. फेब्रुवारी 1756 मधे विजयदुर्गाखाली इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ना, आमच्या खेळात ती आग पसरलीच नाही, आरमार वाचलं आणि तिथून पुढचा सगळा इतिहास वेगळा. आत्ता खेळात 1908 चालू आहे, बाकीचे चौघं मोठमोठ्या तोफांच्या जहाजांमागे लागलेत आणि मी दक्षिण ध्रुवाकडे जाणारं संशोधन जहाज मागितलं. खेळ चालवणाऱ्या मास्टरची अट एकच, कुठलंही जहाज आणा पण सोबत स्प्रिंगशार्पचा रिपोर्ट पाहिजे.

हेच जहाज का, तर मी गोव्यात वास्कोला सड्यावर राहते, घरातून मुरगांव बंदर दिसतं. 6 डिसेंबर 1981 ला भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम इथूनच निघाली, डॉ. कासिम प्रमुख, 21 माणसं, 9 जानेवारी 1982 ला बर्फावर पोचली. आणि जहाज कुठलं, तर नॉर्वेचं भाड्याचं ‘पोलर सर्कल’. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आमच्या सड्यावरच आहे, तरी आपलं स्वतःचं ध्रुवीय जहाज अजून नाही, 2025 मधे कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कंपनीशी त्यासाठी करार केलाय ते जहाज होईल तेव्हा होईल. मला खरंच वाटतं की हे जहाज आपल्याकडे कधीच असायला हवं होतं, म्हणून निदान खेळात तरी ते 1908 सालीच पाण्यात उतरवायचं ठरवलं.

आता सॉफ्टवेअर. पहिला प्रयत्न मी सरळ ‘फ्राम’ समोर ठेवून केला, 1892 चं ध्रुवीय जहाज, कॉलिन आर्चरने नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकासाठी बांधलेलं, साधारण 39 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद, बूड अंड्यासारखं गोल म्हणजे बर्फाने दोन्हीकडून आवळलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जातं. तसंच आखूड-रुंद जहाज भरलं तर स्टॅबिलिटी भरपूर आली पण खाली शेरा आला की जहाज भराभर हेलकावतं, तोफा चालवायला स्थिर नाही. माझ्याकडे तोफ एकही नाही! पण दोन दिवसांनी लक्षात आलं की हा आकडा मला सगळ्यात उपयोगी आहे, तोफेच्या जागी खोली मोजायची तार सोडणारा माणूस उभा करा, किंवा सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस, त्यालाही तीच स्थिरता लागते. खरी ‘फ्राम’सुद्धा उघड्या समुद्रात वाईट डोलायचीच, ती बर्फासाठी बांधली होती. आणि गोव्याहून निघालेल्या जहाजाला बर्फ लागायच्या आधी चाळीस-पन्नास अक्षांशातला खवळलेला समुद्र आडवा येतो, तो टाळून जायला रस्ता नाही. शेवटी 52 मीटर लांब, 10.8 रुंद, ड्राफ्ट 5 मीटर, साधारण 1,700 टन, असं ठरलं. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) वाढवल्यावर तर शेराही बदलला, खराब हवेत छान टिकतं म्हणाला. मी खुर्चीतून उठून आईला सांगून आले.

बर्फासाठी मात्र यात एकही रकाना नाही. नाळ किती कलती ते टाकता येतं, पण बर्फफोड्या जहाजाची नाळ पाण्याखाली मागे ओढून घेतलेली असते, म्हणजे जहाज बर्फावर चढतं आणि स्वतःच्या वजनाने तो मोडतं, ते याला सांगणार कसं? तसंच बूड गोल आहे हेही त्याला कळत नाही. मग मी चिलखताचा रकाना वापरला. कडेचा पट्टा म्हणून जे चिलखत असतं त्यात बर्फाशी घासणारी जाड पत्र्याची पट्टी भरायची. पण नुसती भरून चालत नाही, युद्धनौकेत जाड पट्टा मधे असतो कारण इंजिन आणि दारूगोळा तिथे, टोकांना पातळ. आपल्याला नेमकं उलटं पाहिजे. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर गोदीत वेल्डर होते, त्यांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, “अगं, आधी मार नाळेला बसतो, मग नाळेमागच्या खांद्याला, मधे नुसतं घासतं. पत्रा जाड कर, आणि आतल्या बरगड्या पण जवळजवळ घे, नाहीतर दोन बरगड्यांच्या मधे पत्रा आत जाईल.” म्हणून टोकांना 40 मिलिमीटर आणि मधे 25 भरले. बरगड्यांना रकाना नाही म्हणून त्यांचं वजन इतर वजनात टाकलं.

या पट्ट्याची दुसरी गंमत कळायला मला आठवडा गेला, नवीन माणसाने हे आधीच वाचून ठेवावं. पट्टा किती उंच ते आपण पूर्ण भरलेल्या जहाजावर ठरवतो. पण जाताना कोळसा जळतो आणि जहाज वर येतं. माझ्या जहाजाचा पाण्याच्या रेषेवरचा आडवा छेद बघितला तर सगळा 400 टन कोळसा जळल्यावर ते जवळजवळ 90 सेंटीमीटर वर उचललं जातं, बर्फापाशी पोचेपर्यंतच त्याच्या निम्मं, म्हणजे ज्या दिवशी बर्फात शिरायचं त्या दिवशी पट्ट्याचा खालचा भाग पाण्याच्या रेषेपाशी आणि त्याच्याखाली नुसता पातळ पत्रा. रिपोर्ट हे सांगत नाही, कागद-पेन्सिल घेऊन आपणच बसायचं.

तिसऱ्या व्हर्जनची बीटा घ्या असं मी नक्की सांगेन, कारण त्यात इतर वजन कुठे ठेवलंय ते वेगवेगळं भरता येतं, पाण्याखाली, डेकवर, डेकच्या वर. 30 माणसांना दोन वर्षांचं खाणं, माणशी रोज 2 किलो धरलं तरी 44 टन होतं, ते खाली. स्लेज, कुत्रे, घराच्या फळ्या डेकवर. आणि सगळं झाल्यावर मी डेकच्या वर नुसतेच 40 टन टाकून बघितले, ते सामान नाही, ते दोऱ्यांवर रेलिंगवर डोलकाठ्यांवर गोठलेलं पाणी. थंडीत लाटांचे तुषार असे गोठत जातात आणि जहाज वरून जड होऊन उलटतं, अशी जहाजं खरोखर गेलीयत. स्टॅबिलिटी 1.00 च्या खाली घसरली की रिपोर्ट सांगतो जहाज अस्थिर आहे. माझं घसरलं. एक डोलकाठी कमी केली, बॉयलर खाली घेतले, तेव्हा कुठे वर आलं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी याला पाचपैकी चार देईन.

वापरायला जुन्या वळणाचं आहे, टॅबमागून टॅब, कुठला आकडा बदलल्याने काय बिघडलं ते शोधत बसावं लागतं. एका वेळी एकच आकडा बदला आणि दर वेळी रिपोर्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा, इथे पावसात लाईट केव्हाही जाते. शिकवणारं कोणी नाही पण जहाजाची आवड असेल तर दोन संध्याकाळी पुरतात. ज्याला छान रंगीत चित्र हवंय त्याने याच्या वाटेला जाऊ नये, चित्र स्वतः काढायचं असतं, मी आलेखाच्या वहीत काढलं.

लाकडाबद्दल एक, कारण ग्रुपमधे यावरून रात्रभर वाद झाला. सगळ्यांना सागवानच पाहिजे होतं, आपल्या आरमाराचं जहाज म्हणून. सागवान उत्तमच, मुंबईच्या वाडियांनी 1817 ला बांधलेली ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात तरंगतेय. पण बर्फाच्या घासणीला ‘फ्राम’वर बाहेरून ग्रीनहार्ट लावलं होतं, ते पाण्यात बुडतं इतकं जड लाकूड. आपल्या उबदार पाण्यात लाकूड पोखरणारे किडे म्हणून जहाजाला बाहेरून तांबं मारायचे, आणि तांब्याचा पातळ पत्रा बर्फ ओरबाडून काढणार. ग्रीनहार्टला किडाही सहसा लागत नाही. म्हणून मी पोलादी जहाजावर पाण्याच्या रेषेला बाहेरून ग्रीनहार्ट, आणि सागवान डेकला, असं केलं. सगळे खूश नाहीत.

नाव ठेवलंय ‘अगस्ती’. काकांना आवडलं नाही. म्हणाले, “अगस्ती विंध्याला सांगून गेला परत येतो म्हणून, आणि दक्षिणेलाच राहिला. जहाजाला असलं नाव ठेवतात का? निदान परतीचा कोळसा तरी नीट मोज.” नाव मी ठेवलं कारण अगस्तीचा तारा दक्षिणेला जाणाऱ्याला वाट दाखवतो, इथून थंडीच्या दिवसांत समुद्रावर खाली ठळक दिसतो. पण कोळसा खरंच मोजला. गोवा 15 अंश उत्तर, बर्फाचा किनारा 70 अंश दक्षिण, सरळ खाली उतरलं तरी 5,100 सागरी मैल, येऊन-जाऊन 10,200. मॉरिशस आमच्या खेळात फ्रेंचांकडे आहे आणि सध्या ते आम्हाला कोळसा देत नाहीत. 8 नॉटने, म्हणजे ताशी 8 सागरी मैलांनी, 53 दिवस, रोज 7 टन, म्हणजे 371. माझ्याकडे 400. बर्फात अडकून आठवडा काढायचा, शेगड्या पेटत्या ठेवायच्या, तर 29 टनात काय होणार. रात्री परत फाईल उघडली, 460 केलं, त्याने जहाज आणखी वर उचललं जातं म्हणून पट्टा 20 सेंटीमीटर खाली ओढला, आणि रिपोर्ट मास्टरला पाठवून दिला.