गांधीनगर की गोव्यातच?

बीएफए (ललित कलेची पदवी) झाल्यावर माझ्या भाचीपुढे दोन वाटा होत्या. एक, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसमधलं फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण; अडीच वर्षं. दुसरी, गोव्यात डिचोलीतच राहून लग्नाच्या फोटोग्राफरकडे असिस्टंट व्हायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचं.

एनआयडीच्या प्रवेशाला दोन परीक्षा: आधी प्रिलिम्स, मग मेन्स. फीही हलकी नाही. पण तिथे फोटो नुसता काढून सुटका नसते. तोच का, त्याच क्रमाने का, हे चारचौघांसमोर सांगावं लागतं. शंभरातले ऐंशी फोटो स्वतःच्या हाताने बाजूला काढायची सवय लागते. ही सवय घरी एकट्याने लावून घेणं महाकठीण, कारण घरचे सगळ्यालाच ‘छान’ म्हणतात!

गोव्यात विषय मात्र दारात. शिरगावची लईराई देवीची जत्रा घ्या. पहाटे निखाऱ्यांवरून धावणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, टिपायचे, तर अंधार, धूर आणि लालभडक उजेड एकाच फ्रेममध्ये. कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबलात तर चेहरे काळोखात जातात नाहीतर निखारे पांढरे पडतात. हे वर्गात शिकवून येत नाही. लग्नाचे पैसे मिळतात, पण सीझनभर हळदीच नि वरातीच. पावसाळ्यात काम कमी, आणि लेन्सला बुरशी! माझी एक पन्नास एमएम अशीच गेली. तेव्हापासून लेन्स घट्ट डब्यात, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल.

मी तिला सांगितलं, दोन जत्रा सलग कर, त्यातले वीस फोटो निवड आणि तो पोर्टफोलिओ घेऊन गांधीनगर गाठ.