डिस्क बदलण्याआधी एक डायल गेज घ्या

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथडतं, अशी तक्रार घेऊन कुठल्याही गॅरेजात जा, गाडीखाली वाकूनही न बघता उत्तर मिळतं: "डिस्क बेंड झाल्यात, नव्या टाकू." माझ्या गाडीला पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) नव्या बसल्या, त्यांना दाबणारे पॅडही नवे. काही महिने बरे गेले आणि नव्वदच्या वेगात ब्रेक लावताना तीच थडथड पुन्हा सुरू. नव्या डिस्क एवढ्यात वाकतात कशा, याचं उत्तर कुणी देईना. तेव्हा चुंबकी स्टँडसकट एक साधं डायल गेज, म्हणजे पिन किंचित हलली तरी काट्यावर दाखवणारं मापक, मागवलं. ते वापरून झाल्यावर हे लिहितोय.

गेज नेहमीचंच, ०.०१ मिमी मोजणारं. तबकडीवर शंभर रेघा, काटा एक फेरी फिरला की एक मिमी. हे एवढं बारीक मोजून करायचं काय, असं वाटेल. पण बहुतेक गाड्यांत डिस्कचं डुलणं, म्हणजे रनआउट, ०.०५ ते ०.१ मिमीच्या आत असावं लागतं. हा फरक डोळ्याला दिसत नाही, आणि चाक फिरवून "बघा, वाकलीय" म्हणणाऱ्यालाही दिसत नसतो.

थरथर फक्त ब्रेक लावतानाच येते ना, हे आधी बघून घ्या. ब्रेक न लावताही येत असेल तर आधी टायर आणि बॅलन्सिंग तपासा. स्टिअरिंग हललं तर संशय पुढच्या चाकांवर, सीट आणि फरशी हलली तर बहुधा मागच्या. माझं स्टिअरिंगच हलत होतं.

गाडी जॅकवरून पक्क्या स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर हात घालू नका), चाक काढलं आणि डिस्क हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) घट्ट बसावी म्हणून नटखाली वॉशर घालून सगळे नट आवळले. हे केलं नाही तर डिस्क हबवर सैल राहते आणि आकडा काहीच्या बाही येतो. स्टँडचं चुंबक सस्पेंशनच्या नळीवर लावलं, गेजची पिन डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत काटकोनात टेकवली, काटा शून्यावर आणला आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. डावीकडे काटा जेमतेम तीन रेघा हलला. उजवीकडे बारा. म्हणजे ०.१२ मिमी.

आता खरा प्रश्न: दोष डिस्कचा की तिच्यामागच्या हबचा? काटा सगळ्यात जास्त जिथे जातो तिथे डिस्कवर आणि शेजारच्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेला, ज्यावर नट बसतो तो बोल्ट) खडूने खूण केली. डिस्क काढून दोन भोकं पुढे फिरवून बसवली आणि पुन्हा मोजलं. उंचवटा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकायला हवा होता, तो स्टडवरच्या खुणेपाशीच राहिला. डिस्क निर्दोष! हब बघितला तर स्टडच्या बुडाशी गंजाचा पापुद्रा, नखाने खरवडता येईल इतका. नवी डिस्क त्याच्यावरच दामटून बसवलेली. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ केला, डिस्क बसवली, आकडा ०.०४ वर आला.

पण थरथर एवढ्यानं जात नाही. डिस्क तिरकी फिरते तेव्हा ब्रेक नसतानाही तिचा एकच भाग दर फेरीला पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटरमध्ये तो भाग झिजतो, डिस्कची जाडी कमी-जास्त होते, आणि पाय आणि स्टिअरिंगला जाणवतो तो हा जाडीतला फरक. म्हणूनच नव्या डिस्कवर काही महिने आराम पडतो आणि लोकांना वाटतं, डिस्क निकृष्ट निघाल्या. हा फरक डायल गेज दाखवत नाही. त्याला मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून जाडी मोजायचं मापक, लागतो. सरकत्या पट्टीच्या व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या कडेला न झिजता उरलेल्या ओठावर टेकतात, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. माझ्या डिस्कवर आठ ठिकाणी मोजल्यावर ०.०२ मिमीचा फरक निघाला. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा भरपूर माल शिल्लक होता, म्हणून लेथवर दोन्ही बाजू मारून घेतल्या. नवी घ्यायची गरजच पडली नाही.

बसवताना नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. इम्पॅक्ट गनने एक नट कमी, एक जास्त आवळला जातो आणि डिस्क पुन्हा तिरकी बसू शकते. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिनाही बोटांनी सरकतात का बघून घेतल्या. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून काही वेळा ब्रेक लावून, पूर्ण न थांबता, पॅड डिस्कला सरावून घेतले. आता नव्वदवरून ब्रेक लावला तरी स्टिअरिंग गप्प.

गेजबद्दल तक्रारीही आहेत. स्टँडचा हात लांब काढला की हलतो, आणि हलणारा स्टँड म्हणजे खोटा आकडा. सांधे पान्याने आवळावे लागले. काच प्लास्टिकची, पहिल्याच दिवशी चरा पडला. सोबतच्या कागदावर पिन थोडी दाबून मग शून्य करायचं हे लिहिलेलंच नाही, आणि ते केलं नाही तर काटा एका बाजूला मोजतच नाही. बेअरिंगला ढिलाई असेल तर काटा उगाच नाचतो. मोजताना डिस्क आतल्या बाजूला हलकी दाबून धरा.

आणि घेण्याआधी गाडीच्या चाकामागे एकदा डोकावा. चुंबक टेकवायला जवळपास लोखंड नसेल, सगळं अॅल्युमिनियमचं असेल, तर चुंबकी स्टँड तिथे निरुपयोगी. पकडीचा, क्लॅम्पवाला स्टँड मागवा.