पुण्याच्या नळाला आरओ यंत्र : आकड्याची भीती आणि खरी भीती

आरओ (पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार काढणं), यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश), यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर अशी चारही नावं एकाच डब्यावर छापलेलं यंत्र पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये गॅसच्या शेगडीइतकंच गृहीत धरलं जातं. नावाजलेल्या कंपनीचं घ्या की कोपऱ्यावरच्या दुकानात जोडलेलं, आतला सांगाडा तोच असतो: ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर, कार्बन, २४ व्होल्टचा पंप, ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलन पाणी देणारी) मेम्ब्रेन म्हणजे आरओचा पडदा, ११ वॉटचा यूव्ही दिवा आणि ८-१० लिटरची टाकी. यंत्रात खोट नाही. पण खडकवासला धरणांच्या साखळीतलं महापालिकेचं पाणी येणाऱ्या घरात ते बसवायला कारण नाही, आणि ज्या भीतीवर ते विकलं जातं ती भीती खोटी आहे.

विक्रेता दोन ग्लास घेतो, त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या सळया बुडवून वीज सोडतो. नळाच्या पाण्यात तपकिरी-काळा गाळ उठतो, आरओच्या पाण्यात काही होत नाही. तो गाळ पाण्यातला नसतोच. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, लोखंडाची सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही. पडताळणी सोपी आहे. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तिथंही तोच गाळ उठेल. सळया किंवा पाण्याला हात मात्र लावू नका, बहुतेक वेळा थेट घरातल्या प्लगची वीज असते.

दुसरा प्रयोग पिवळ्या रंगाचा. पाण्यात ऑर्थोटोलिडीन नावाच्या रसायनाचे थेंब टाकले की ते पिवळं होतं आणि ‘बघा, केमिकल’ असं सांगितलं जातं. तो रंग शिल्लक क्लोरीनचा असतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवाच. पाणी पिवळं झालं नाही तर काळजी करायची. (तपासलेलं पाणी ओतून द्यावं, ते पिण्याचं नाही.)

आता आकडा. टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिला ठरावीक गुणक लावून क्षार दाखवतो. जंतू, कीटकनाशक, विषाणू यातलं त्याला काहीच दिसत नाही. मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहून येणारं पावसाचं पाणी, त्यामुळे मीटरवर साधारण शंभराच्या आसपासच दिसतं. त्याला १० वर आणण्यासाठी काय मोजावं लागतं ते पाहा. ७५ जीपीडी म्हणजे तासाला सुमारे १२ लिटर शुद्ध पाणी. सोबत ४५० चा फ्लो रिस्ट्रिक्टर (सांडपाण्याचा वेग ठरवणारी बारीक नळी) असेल तर मिनिटाला ४५० मिलिलिटर, म्हणजे तासाला २७ लिटर पाणी नाकारलं जातं. दिवसाला २० लिटर प्यायला-स्वयंपाकाला लागत असेल, तर ४५ लिटर मोरीत.

आणि हे नाकारलेलं पाणी तरी कसलं? १०० टीडीएसचं पाणी आत गेलं आणि १० चं बाहेर पडलं, तर नाकारलेल्या पाण्याचा आकडा हिशेबाने १४० च्या आसपास येतो. ‘आरओचं सांडपाणी विषारी’ हा सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा इशाराही म्हणून तितकाच पोकळ. पुण्याच्या पाण्याचं हे सांडपाणी भांडी, लादी, कपडे, झाडं, सगळ्याला बिनधास्त वापरा. पाचशे-हजार टीडीएसच्या बोअरवर यंत्र असेल तर मात्र कुंड्यांना घालू नका, मातीत क्षार साठतात.

लवादाच्या आदेशाचीही इथंच गफलत झाली. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) मे २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओला मनाई करावी आणि जिथे परवानगी असेल तिथे निदान ६० टक्के, पुढे ७५ टक्के पाणी परत मिळालं पाहिजे असं सांगितलं. पाण्याच्या नासाडीची काळजी रास्त आहे. पण ७५ टक्के पाणी काढून घेतलं की उरलेल्या पाण्यातले क्षार चौपट होतात. ५०० कडकपणाच्या (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांच्या) बोअरच्या पाण्यात तो २००० होणार आणि मेम्ब्रेनवर चुना धरणार. म्हणजे जिथे इतकं पाणी वाचवणं सोपं, त्या मऊ पाण्यात बंदी सांगितली, आणि जिथे अवघड तिथे सक्ती. शिवाय ५०० च्या आतल्या विहिरीतही नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असू शकतं, आणि ते उकळून जात नाही, कार्बनने जात नाही, यूव्हीनेही जात नाही. तिथे आरओ कामाला येतो. विक्रेत्याने आणि आदेशाने एकच चूक केली आहे: पाण्यात काय आहे हे न विचारता मीटरवरचा आकडा पाहिला.

टीडीएस कंट्रोलर म्हणजे बायपासची बारीक तोटी, त्यापलीकडे काही नाही. क्षार काढायचे पैसे भरायचे आणि मग तेच थोडे परत मिसळायचे. ‘आरओने हाडं ठिसूळ होतात’ ही उलट बाजूची भीतीही टिकत नाही. एका ग्लास दुधात साधारण दोनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. इथल्या मऊ पाण्यात ते मुळातच थोडं असतं, आपलं कॅल्शियम येतं ते जेवणातून.

खरी भीती जंतूंची. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. असल्या पाण्यात टीडीएस मीटर घातला तर तो निर्मळ आकडा दाखवतो. जंतूंसाठी चांगला यूव्ही पुरतो. यूएफ जिवाणू अडवतो, पण सगळे विषाणू अडवेलच असं नाही. यूव्ही नसेल तर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, बस. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की यूव्हीचा प्रकाश आत पोहोचत नाही, म्हणून पावसाळाभर गाळ-फिल्टर दर दोन महिन्यांनी बदला. यूव्ही दिवा निळा दिसतो म्हणून चालू आहे असं समजू नका, त्याची ताकद वर्षभरात उतरते.

आरओ आधीच घेतला असेल तर हे तपासा. कार्बनने क्लोरीन काढून टाकलेला असतो आणि यूव्ही बहुतेक यंत्रांत टाकीच्या आधी असतो. त्यामुळे टाकीतलं पाणी निराधार असतं आणि आतल्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो. आठ-दहा दिवस गावी जाताना टाकी रिकामी करून जा. परत आल्यावर पहिली भरलेली टाकी पूर्ण सोडून द्या. यंत्र बंद असतानाही सांडपाण्याची नळी ठिबकत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (आत येणारं पाणी बंद करणारी विजेची तोटी) अडकला आहे. नळीखाली रात्रभर बादली ठेवली की लगेच कळतं.

देखभालीच्या वार्षिक करारात दर वर्षी मेम्ब्रेन बदलायला सांगतात. टीडीएस कंट्रोलर बंद ठेवून मोजा; आत १०० आणि बाहेर १५ च्या आत टीडीएस असेल तर नकार द्या. इथल्या पाण्यावर ती दोन-तीन वर्षं सहज चालते. बाहेरचा आकडा तिशीला टेकला की बदला.

टँकर किंवा बोअरवर जगणाऱ्या सोसायट्यांचं गणित वेगळं. तिथे यंत्राआधी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या: कडकपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू). जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. घरच्या घरी बघायचं तर एचटूएसची बाटली (जंतू असतील तर पाणी काळं करणारी तपासणीची बाटली) खुणेपर्यंत भरून खोलीच्या तापमानाला ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी पडली, तर आधी गच्चीवरची टाकी उपसून घासून घ्या आणि पुन्हा भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. पावडर थेट ओतायची नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत घालायचं आणि तासभर नळ बंद ठेवायचे.